नेपरव्हिल सेंट्रल हायस्कूल: अभ्यास, मैदान आणि मराठी पालकांचे नेहमीचे प्रश्न

इलिनॉय राज्यात, शिकागोच्या पश्चिमेला, रस्ता मोकळा असेल तर गाडीनं पाऊण-एक तासावर नेपरव्हिल आहे. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या दीड लाखाच्या जवळ होती. दर उन्हाळ्यात पुण्याहून, ठाण्याहून, कधी न्यू जर्सीहून बदली होऊन मराठी कुटुंबं इथं येतात. सामान लागायच्या आत त्यांचे शाळेबद्दलचे प्रश्न सुरू होतात. माझी दोन्ही मुलं इथल्याच सरकारी हायस्कूलमधून बाहेर पडली. गेली काही वर्षं फोनवर आणि मंडळाच्या कार्यक्रमांत जी उत्तरं देत आले, ती इथं एकत्र लिहिली आहेत. नियम बदलत असतात, म्हणून प्रवेशाआधी शाळेच्या ऑफिसात एकदा ताडून घ्या.

‘पब्लिक स्कूल’ म्हणजे आपल्याकडची सरकारी शाळाच ना? मग ती चांगली कशी?

हो, सरकारीच. हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक मुलाला तिला घ्यावंच लागतं. प्रवेशपरीक्षा नाही, डोनेशन नाही. पण तिचा कारभार गावातूनच चालतो. नेपरव्हिल सेंट्रल आणि नेपरव्हिल नॉर्थ ही दोन हायस्कूलं ‘डिस्ट्रिक्ट २०३’ या शालेय विभागाची. या डिस्ट्रिक्टचं सात जणांचं मंडळ लोक मतदानानं निवडतात आणि त्या सातही जणांना पगार नसतो. शाळेचा मोठा खर्च घरपट्टीतून भागतो. तुम्ही भाड्यानं राहत असाल तरी घरमालकाच्या मार्फत तुम्हीही तो भरताच.

शाळा चांगली असण्याची कारणं शाळेच्या बाहेरही आहेत. १९६६ मध्ये बेल लॅब्जनं इथं इंडियन हिलची मोठी प्रयोगशाळा उघडली. आर्गॉन आणि फर्मीलॅब या राष्ट्रीय प्रयोगशाळा रोज ये-जा करण्याच्या अंतरावर आहेत. त्यामुळे शिकलेल्या आई-बापांची मुलं इथं पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली. महाग घरं, जास्त घरपट्टी, भरलेली तिजोरी असं हे चक्र आहे. शिकागोच्या गरीब वस्तीतल्या तितक्याच हुशार मुलाच्या वाट्याला हे येत नाही, आणि ही गोष्ट मला आजही टोचते. आपल्या मुलांना कौतुकानं शाळेत सोडताना ती लक्षात असू द्या.

घराच्या पत्त्यात ‘नेपरव्हिल’ आहे. मग सेंट्रल नक्की ना?

नाही! घर घेताना सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. शहराचा मोठा भाग ‘डिस्ट्रिक्ट २०४’मध्ये जातो. त्यांची हायस्कूलं वेगळी: १९९७ मध्ये उघडलेलं निक्वा व्हॅली, शिवाय वॉबॉन्सी व्हॅली आणि मेटिया व्हॅली. २०३ मध्येही सेंट्रल की नॉर्थ हे गल्लीवर ठरतं. घर दाखवणाऱ्या एजंटाच्या शब्दावर राहू नका. डिस्ट्रिक्टला पत्ता कळवून शाळेचं नाव विचारा आणि मगच करारावर सही करा. पाचही शाळा उत्तम आहेत, पण मुलाला सांगितली एक आणि मिळाली दुसरी, असं व्हायला नको.

मुलगा महाराष्ट्रात दहावी झाला आहे. इथं कितवीत बसेल?

हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं. फ्रेशमन, सॉफमोर, ज्युनिअर, सीनिअर ही त्यांची नावं. आपल्याकडे दहावी पूर्ण झालेलं मूल बहुधा अकरावीत बसतं, पण अंतिम निर्णय काउन्सेलर, म्हणजे शाळेतला मार्गदर्शक, कागदपत्रं पाहून घेतो. आपण सगळे इथं एक चूक करतो: फक्त दहावीचं बोर्डाचं गुणपत्रक घेऊन येतो. इथं नववीपासूनचा प्रत्येक विषय खात्यावर जमा होतो, म्हणून नववीचं प्रगतिपुस्तक तितकंच महत्त्वाचं. शाळेचा शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही असलेलं आठवी, नववी आणि दहावीचं गुणपत्रक विमानात बसायच्या आधी हातात असू द्या. लसीकरणाचं कार्डही. इथून फोन करून जुन्या शाळेतून नववीचे गुण मागवायला आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला दोन महिने लागले आणि तोवर हव्या त्या गणिताचा वर्ग भरून गेला होता.

मूल खेळणारं असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. राज्यातल्या शालेय खेळांची संस्था म्हणजे इलिनॉय हायस्कूल असोसिएशन, १९०० साली स्थापन झालेली. तिच्या नियमाप्रमाणे नववीत पाऊल ठेवल्यापासून फक्त आठ सेमिस्टर खेळता येतं. ‘एक वर्ष मागे बसवू, जम बसेल’ असा विचार करत असाल तर शेवटच्या वर्षी टीमबाहेर राहण्याची वेळ येऊ शकते. आधी अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे शाळेच्या खेळविभागाच्या प्रमुखाला, विचारा.

सायन्स साइड घ्यायची की कॉमर्स?

साइडच नसते. राज्याची किमान अट अशी: चार वर्षं इंग्रजी, तीन वर्षं गणित, दोन वर्षं विज्ञान, दोन वर्षं समाजशास्त्र. त्या समाजशास्त्रात अमेरिकेचा इतिहास आणि नागरिकशास्त्र आलं. राज्यघटनेची परीक्षाही पास व्हावी लागते. ही झाली चौकट. तिच्या आत मूल भौतिकशास्त्राबरोबर मातीकाम शिकेल, अकाउंटिंगबरोबर ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवेल. माझ्या धाकट्यानं कॅल्क्युलस आणि सुतारकाम एकाच वर्षी केलं. त्यानं बनवलेला पाट आजही आमच्या देवघरात आहे.

किती एपी घ्यावेत? सगळे म्हणतात दहा तरी हवेतच.

कोण म्हणतं ते मला माहीत आहे, कारण मीही तेच म्हणत होते.

एपी म्हणजे कॉलेजच्या तोडीचे विषय. कॉलेज बोर्ड नावाची संस्था त्यांची परीक्षा मे महिन्यात घेते आणि एक ते पाच असे गुण देते. इलिनॉयमधल्या सरकारी कॉलेजांना तीन किंवा जास्त गुणांवर क्रेडिट द्यावंच लागतं, तसा कायदा आहे. खाजगी कॉलेजांचे नियम ज्याचे त्याचे. पैसे वाचतात, पाया पक्का होतो, यात शंका नाही.

थोरलीला अकरावीत आम्ही पाच एपी घ्यायला लावले. ‘लावले’ हाच शब्द बरोबर आहे. ती क्रॉस कंट्री, म्हणजे मैदानं-बागांतून लांब पल्ल्याची शर्यत, धावत होती. सरावावरून सहाला घरी, जेवण, आणि मग रात्री दीड-दोनपर्यंत दिवा चालू. ऑक्टोबरमध्ये ती जेवणाच्या टेबलावर चमचा हातात धरून झोपली. मी तेव्हाही सुचवलं की धावणं सोड, अभ्यास महत्त्वाचा. ती म्हणाली, ‘आई, दिवसभरात तेवढा एकच तास मला श्वास घेता येतो.’ आम्ही काउन्सेलरकडे गेलो. दोन विषय एपीवरून ऑनर्सवर, म्हणजे एक पायरी खाली, आले आणि धावणं राहिलं. तिची झोप परत आली, मागून गुणही आले.

म्हणून माझं उत्तर आकड्यात नाही. मुलाला खरोखर आवडणाऱ्या विषयांचे एपी घ्या, आणि वेळापत्रक भरताना रात्रीची झोप हा पहिला विषय धरा. कॉलेजवाले पाहतात ते हे, की शाळेत जे उपलब्ध होतं त्यातलं मुलानं काय निवडलं आणि ते किती निगुतीनं केलं.

टक्के नाहीत, मग मूल कुठं आहे हे कसं कळणार?

जीपीए असतो, म्हणजे सगळ्या विषयांतल्या श्रेणींची सरासरी. ए म्हणजे चार, बी म्हणजे तीन. ऑनर्स आणि एपीला वजन जास्त. वर्षाच्या शेवटी एकच मोठी परीक्षा असं नसतं. गृहपाठ, प्रयोगवही, छोट्या चाचण्या, प्रोजेक्ट, सगळं मोजलं जातं आणि पालकांना ते ऑनलाइन दिसतं. रोज उघडून पाहू नका. आठवड्यातून एकदा, मुलाला शेजारी बसवून पाहा. अकरावीत सगळ्यांना राज्याची परीक्षा शाळेतच द्यावी लागते. काही वर्षं ती एसएटी होती, २०२५ पासून एसीटी आहे; दोन्ही कॉलेजप्रवेशासाठी चालणाऱ्या परीक्षा. त्या परीक्षेचे पैसे लागत नाहीत.

पीटीला इथं म्हणे गुण असतात. तो तास चुकवून अभ्यास नाही का करता येणार?

या शाळेबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगेन, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या शाळांमध्ये पीटीचा तास म्हणजे गणिताच्या सरांना मिळालेला जादा तास. पोर्शन राहिला की पहिला बळी पीटीचा. मैदानावर गेलोच तर चांगले खेळणारे आठ-दहा जण खेळायचे, बाकीचे कट्ट्यावर. अमेरिकेतही फार वेगळं नव्हतं. नेपरव्हिलमध्ये ते बदललं आणि बदललं ते पीटीच्या शिक्षकांनी.

इथल्या मॅडिसन ज्युनिअर हायस्कूलमध्ये फिल लॉलर हे पीटीचे शिक्षक होते. १९९० च्या दशकात त्यांनी मुलांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारे पट्टे लावून धावायला लावलं. सहावीतली एक मुलगी, अंगानं बारीक, खेळात कच्ची. मैलभर धावायला तिला बराच वेळ लागला. घड्याळाच्या हिशोबानं नापासच म्हणायची. पण पट्टा काढून पाहिला तर तिच्या ठोक्यांची सरासरी मिनिटाला १८७! अकरा वर्षांच्या मुलीच्या हृदयाची मर्यादाच दोनशे नऊच्या आसपास. म्हणजे ती जिवाच्या आकांतानं धावत होती, आणि शिक्षक इतकी वर्षं अशा मुलांना आळशी समजत आले होते. लॉलर यांनी गुण देण्याची पद्धतच बदलली. दुसऱ्यापेक्षा किती जोरात धावलास याला महत्त्व उरलं नाही. स्वतःच्या ठोक्यांच्या ठरलेल्या टप्प्यात किती वेळ राहिलास, ते मोजायला लागले.

हीच कल्पना नेपरव्हिल सेंट्रलमध्ये पीटी विभागाचे प्रमुख पॉल झिएन्टार्स्की यांनी पुढं नेली. वाचनात मागे पडलेल्या फ्रेशमन मुलांना पहिल्या तासाच्याही आधी बोलावून पळवायचं, सायकल चालवायला लावायचं, आणि लगेच वाचनाच्या वर्गात बसवायचं. या तासाला ‘झीरो अवर’ म्हणत. एका सेमिस्टरअखेर या मुलांचं वाचन आणि आकलन १७ टक्क्यांनी सुधारलं. ज्यांनी झोपेला पसंती देऊन नेहमीचा पीटीचा तास घेतला त्यांची सुधारणा १०.७ टक्के होती. हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. जॉन रेटी यांनी हे जगासमोर आणलं आणि देशोदेशीचे शिक्षक हे पीटीचे वर्ग पाहायला येऊ लागले.

त्यामुळे, नाही, हा तास चुकवू नका. इलिनॉयमध्ये कायद्यानंही आठवड्यातून किमान तीन दिवस पीटी घ्यावीच लागते. अकरावी-बारावीत शालेय टीममध्ये खेळणाऱ्यांना काही वेळा सवलत मिळते, एवढंच. आणि तुमचं मूल खेळात कच्चं असेल तर हा तास खास त्याच्यासाठी आहे. इथं त्याला कट्ट्यावर कुणी बसवत नाही.

नेपरव्हिलची मुलं विज्ञानात जगात पहिली आली होती, हे खरं का?

खरं आहे, पण नीट समजून घ्या. १९९९ च्या ‘टिम्स’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत अडतीस देश होते. डिस्ट्रिक्ट २०३ नं एखाद्या देशासारखा वेगळा भाग घेतला. इथली आठवीची मुलं विज्ञानात सिंगापूर-तैवानच्याही पुढं पहिली आली. गणितात सहावी, पुढं सिंगापूर, कोरिया, तैवान, हाँगकाँग आणि जपान. काही लोक याचं सगळं श्रेय पळण्याला देतात. मला ते पटत नाही. एका सधन उपनगराची तुलना अख्ख्या देशांशी केली तर उपनगराला फायदा मिळणारच. पळण्यानं मेंदू शिकायला तयार होतो. शिकवावं मात्र शिक्षकांनाच लागतं, आणि इथले विज्ञानाचे शिक्षक चांगले होते, आहेत.

मुलानं आजवर कुठलाच खेळ खेळलेला नाही. टीममध्ये घेतील का?

बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, सॉकर, टेनिस यांत निवडचाचणी असते आणि मोठ्या शाळेत चुरस फार. पाचव्या वर्षापासून क्लबात खेळलेली मुलं समोर असतात. तिथं नाव आलं नाही तर मुलाला कमी लेखू नका. क्रॉस कंट्री आणि ट्रॅक या खेळांत सहसा कुणाला काढत नाहीत. जो सरावाला येईल तो टीममध्ये.

जवळच्या एल्महर्स्टमधल्या यॉर्क हायस्कूलचे प्रशिक्षक जो न्यूटन यांनी याच तत्त्वावर पन्नासहून अधिक वर्षं मुलं घडवली. एकेका हंगामात दीडशेच्या वर मुलं धावायला घ्यायचे, कुणाला नाही म्हणायचे नाहीत, आणि तरी राज्याची २८ विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत. २०१७ मध्ये ते गेले. आमच्या या भागात, डुपेज काउंटीत, आजही धावण्याला जो मान आहे, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

खेळांचे तीन हंगाम असतात: शरद, हिवाळा, वसंत. शरदाचे सराव ऑगस्टमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधीच चालू होतात. म्हणजे तुम्ही सुट्टीला भारतात असाल तर निवड हुकते. डॉक्टरांचा तपासणीचा फॉर्म लागतो, तो ३९५ दिवस चालतो.

क्रिकेट आहे का?

इलिनॉयच्या शालेय खेळांत नाही. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी २००८ मध्ये क्रिकेट सुरू केलं, इथं अजून वाट पाहतोय. मुलींसाठी बॅडमिंटन मात्र आहे, तेही राज्यस्तरावर, आणि आपल्या मुली त्यात चमकतात. बुद्धिबळही इलिनॉय हायस्कूल असोसिएशनखालीच येतं. आठ पटांची टीम असते आणि राज्यस्पर्धा होते. घरी आजोबांकडून शिकलेलं बुद्धिबळ इथं शाळेच्या नावानं खेळता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

खेळामुळे मार्क कमी झाले तर?

दर आठवड्याला तपासणी होते. पाच पूर्ण विषयांत पास नसेल तर पुढच्या आठवड्यात खेळता येत नाही. शाळेचा स्वतःचा नियम याहून कडक असू शकतो. माझा अनुभव उलटा आहे. हंगाम चालू असताना मुलं वेळ जपून वापरतात, आणि संपल्यावर चार तास फोनमध्ये जातात.

खेळाच्या जोरावर कॉलेज फुकट होईल का?

त्या आशेनं खेळवू नका. हायस्कूलमध्ये खेळणाऱ्यांपैकी साधारण सात टक्के मुलं कॉलेजच्या टीममध्ये पोचतात, आणि खेळाची शिष्यवृत्ती सुमारे दोन टक्क्यांना मिळते. तीही बहुतेकदा अर्धीमुर्धी. हार्वर्ड-येलसारखी आयव्ही लीगची कॉलेजं आणि तिसऱ्या डिव्हिजनची, म्हणजे कॉलेजच्या खेळांतल्या तिसऱ्या गटातली, कॉलेजं खेळाची शिष्यवृत्ती देतच नाहीत.

मूल खरंच त्या पातळीचं असेल तर नववीपासून विषय बघून घ्या. पहिल्या डिव्हिजनसाठी सोळा मुख्य विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए लागतो, आणि सोळापैकी दहा विषय बारावी सुरू होण्याआधी संपलेले हवेत. गाडी घेऊन शनिवार-रविवार क्लबांच्या स्पर्धांना फिरणारी, त्यासाठी कर्ज काढणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. तेवढे पैसे कॉलेजसाठी बाजूला टाकले असते तर जास्त उपयोग झाला असता, असं मला मनापासून वाटतं.

मुलींना मुलांइतकी संधी मिळते का?

१९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ हा कायदा आला. त्याआधीच्या वर्षी अख्ख्या अमेरिकेत हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली तीन लाखही नव्हत्या. २०१८-१९ मध्ये चौतीस लाखांवर गेल्या. कायदा काय करू शकतो ते या आकड्यात दिसतं.

आणि या शाळेत त्याचं एक नावही आहे: कँडेस पार्कर. नेपरव्हिल सेंट्रलकडून खेळताना तिनं २००३ आणि २००४ मध्ये बास्केटबॉलचं राज्यविजेतेपद आणलं. २००४ मध्येच मॅक्डोनाल्ड्सच्या देशव्यापी स्पर्धेत उडी मारून चेंडू वरून बास्केटमध्ये घालण्याची, म्हणजे ‘डंक’ची, चुरस तिनं मुलांना हरवून जिंकली. असं करणारी ती पहिली मुलगी. पुढं ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं, २००८ आणि २०१२ ची. माझी मुलगी उंचीनं पाच फूट एक इंच, बास्केटबॉलशी तिचा काही संबंध नाही, पण ‘ती आमच्या गावची’ हे ती आजही अभिमानानं सांगते.

पोहताना किंवा पळताना अंगभर कपडे हवे असतील तर संकोच करू नका. इलिनॉयमध्ये २०२१ च्या कायद्यानं श्रद्धेप्रमाणे किंवा शालीनतेच्या भावनेनं खेळाचा पोशाख बदलून घालता येतो.

डोक्याला मार लागला तर?

ताबडतोब मैदानाबाहेर. डॉक्टर किंवा तशी परवानगी असलेल्या वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी होकाराशिवाय परत खेळवत नाहीत. वर्गात परतणंही टप्प्याटप्प्यानं होतं. मूल ‘मी बरा आहे’ म्हणालं तरी घाई करू नका. अमेरिकन फुटबॉलसारखंच सॉकरमध्येही हे घडतं.

मराठीचा शाळेत काही उपयोग होतो का?

होऊ शकतो. इलिनॉयमध्ये दोन भाषांत प्रावीण्य दाखवणाऱ्या मुलांच्या दाखल्यावर ‘सील ऑफ बायलिटरसी’ हा शिक्का मिळतो, आणि मान्यताप्राप्त चाचण्यांत मराठीचीही चाचणी आहे. बोलता येतं पण वाचता येत नाही अशा मुलांची तिथं अडचण होते. म्हणून मराठी शाळेत आठवीनंतरही पाठवत राहा. चाचणी कधी घेतात ते शाळेच्या भाषा विभागाला नववीतच विचारून ठेवा.

बस आणि खर्च?

घर दीड मैलाच्या पलीकडे असेल तर बस मोफत. शिकवणीची फी नाही, पण नोंदणी, खेळ, काही प्रयोगशाळा यांचं शुल्क असू शकतं. उत्पन्न कमी असेल तर माफीचा अर्ज करा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सरावानंतर आणायला मात्र गाडी लागते. शेजारच्या दोन-तीन घरांनी वार वाटून घ्या.

आजी-आजोबा भारतातून आले आहेत. त्यांना सामना बघायला नेता येईल?

जरूर न्या. शुक्रवारी रात्री फुटबॉलला बँड, दिवे, अख्खं गाव असतं, पण खेळाचे नियम समजावता समजावता सामना संपतो. त्यांना क्रॉस कंट्री जास्त आवडेल. बहुतेक शर्यतींना तिकीट नसतं, शर्यत तीन मैलांची, आणि समजावून सांगावं लागेल असं काहीच नाही. माझ्या सासूबाई पंचाहत्तराव्या वर्षी नऊवारी, त्यावर माझा हिवाळी कोट आणि डोक्याला मफलर अशा अवतारात शेवटच्या रेषेपाशी उभ्या राहिल्या. नात मधल्या घोळक्यात कधीच येऊन गेली होती. त्या हलल्या नाहीत. शेवटचा मुलगा लंगडत आला तेव्हा त्याच्यासाठीही टाळ्या वाजवत होत्या, आणि त्याच्या आईनं येऊन त्यांना मिठी मारली.

राज्याची अंतिम शर्यत नोव्हेंबरमध्ये पिओरियाच्या डेटवायलर पार्कमध्ये असते. गाडीनं अडीच तास. घडीच्या खुर्च्या, घोंगडी, थर्मासात चहा आणि दशम्यांचा डबा बरोबर घ्या. गाडी लावायला लवकर जागा मिळावी म्हणून पहाटेच निघा.